संततिनियमनाची परिभाषा आणि तरुणांचा संकोच

मराठीत संततिनियमनाचा विचार निकराने मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 मधील आपल्या निधनापर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. या मासिकातील लेखांइतकेच, किंबहुना अधिक, मोल त्यातील वाचकांच्या प्रश्नोत्तरांना आहे. घरात जे उच्चारता येत नसे आणि डॉक्टरांसमोर ओठांवर येत नसे, ते तेथे टपालाने विचारले जाई. अशाच उत्तरांवरून 1934 साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. गुन्हा ठरला तो जिज्ञासेला सरळ उत्तर देण्याचा.

1952 साली शासनाने हे कार्य हाती घेतले, आणि ‘संततिनियमना’च्या जागी हळूहळू ‘कुटुंबनियोजन’ रूढ झाले. हा बदल दिसतो तितका निरुपद्रवी नाही. संततीचे नियमन कोणीही स्त्रीपुरुष करू शकतात. कुटुंबाचे नियोजन करावयास मात्र आधी कुटुंब असावे लागते. अविवाहित तरुण या परिभाषेतूनच वगळला गेला. 1968 पासून स्वस्तात विकल्या गेलेल्या साधनाला ‘निरोध’ हे नाव मिळाले. पतंजलीच्या योगव्याख्येतला हा शब्द! परंतु अशा सोवळ्या नावानेही दुकानाच्या फळीपुढचा संकोच सरला नाही. आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीनंतर, 1977 साली, शासनाने ‘नियोजन’ही टाकून ‘कल्याण’ स्वीकारले.

कायद्याची भाषा याहून मंद चालली. 1971 च्या गर्भपातविषयक कायद्यात साधन निकामी ठरल्याचे कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतेच ग्राह्य होते. तेथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ हे शब्द येण्यास 2021 उजाडावे लागले.

विवाहित तरुणींची अडचण निराळी. पहिल्या अपत्यापूर्वी साधन वापरणे अनेक घरांत अप्रशस्त मानले जाते. पुरेशी मुले झाली की थेट शस्त्रक्रिया. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाहित स्त्रियांच्या उत्तरांनुसार, स्त्री-नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे 0.3 टक्के आढळले. या दोहोंमधल्या वर्षांसाठी मराठीजवळ ‘पाळणा लांबविणे’ हा घरगुती आणि नेमका वाक्प्रचार आहे. तो किती लांबवावा, याचा निर्णय मात्र बहुधा सासूच्या आणि नवऱ्याच्या हाती राहतो. सुनेच्या तोंडी तो शब्द आला तरी उद्धटपणा ठरतो.