फर्स्ट कॉपी घ्यायची का?

पहिला पगार झालाय किंवा मैत्रिणीचं लग्न तोंडावर आलंय, आणि नेमकी मोबाइलवर ती बॅग दिसते. मोठ्या ब्रँडची वाटणारी. खाली लिहिलंय, ‘फर्स्ट कॉपी, सेम टू सेम’. किंमत समजा तीन हजार. वरोरहून वाणगाव गाठून लोकलने वांद्र्याच्या लिंकिंग रोडला गेलात, तर घासाघीस करून आणखी स्वस्तात मिळेल. घ्यायची?

आधी कायद्याचं बघू. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ नुसार खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. स्वतःसाठी एक बॅग घेणारा या कलमांत सापडत नाही. पण हॉस्टेलमधल्या चौघींच्या ऑर्डर घेऊन वर दोनशे-दोनशे कमावणार असाल, तर तुम्ही विक्रेते झालात. इटलीत तर विकत घेणाऱ्यालाही दंड होतो.

आता आपल्याकडचं. वरोर, चिंचणी, वाढवण पट्ट्यात घराघरांत डायमेकिंग चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची, त्यावर पत्रा दाबला की दागिन्याचा आकार उमटतो. पत्रा सोन्याचा की पितळेचा, हे डायला कळत नाही. त्यामुळे नकलीला नाक मुरडायचा आपल्याला तसा हक्क नाही. एक ग्रॅमच्या दागिन्यांवर आपल्याकडे लग्नं लागतात. पण इमिटेशन हे इमिटेशन म्हणूनच विकलं जातं. फर्स्ट कॉपीवर दुसऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. मला खटकतं ते हेच. तासन्‌तास मान मोडून कोरलेली नक्षी कुणी परस्पर उचलली तर काय वाटतं, हे एखाद्या डायमेकर काकांना विचारून बघा.

मोठे ब्रँड तरी कुठे साळसूद आहेत म्हणा! जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्याही कोल्हापूरचं नाव न घेता. आपण सगळे चिडलो, मग त्यांनी मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. चिडायचं तर दोन्हीकडे चिडायला हवं ना?

आणि मिरवायचंच असेल तर हेही ऐका. जेन बर्किनची मूळ बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसला लिलावात ८६ लाख युरोंना गेली. वापरून वापरून पार जुनी झालेली, ओरखडे आणि स्टिकरचे डाग असलेली बॅग! फर्स्ट कॉपी मात्र चकचकीत हवी, कारण ती चकाकतेय तोवरच तिची किंमत. चेन अडकली की बिल नाही, दुरुस्ती नाही आणि दुकानदार ओळख दाखवत नाही.

तेच तीन हजार घेऊन माहीमला उतरा आणि धारावीच्या लेदरच्या दुकानांत शिरा. लोगो नसलेली बॅग मागा. आतली शिलाई ओढून बघा, चेन दहा वेळा उघड-बंद करा, पट्ट्याला लोंबकळायचं तेवढं बाकी ठेवा. आणि बिल मागा.