नदीची सीमा

म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यापासून निघते आणि बन्नीमंटप येथे संपते. कन्नडमध्ये बन्नी म्हणजे शमी. महाराष्ट्रातही ह्याच दिवशी सीमोल्लंघन होते. वेस ओलांडावयाची, शमीची पूजा करावयाची आणि परतावयाचे. नदीचीही रीत अशीच आहे. एरवी ती पात्राची मर्यादा पाळते. एखाद्या श्रावणात मात्र ती मर्यादा ओलांडून काठच्या भूमीवर पसरते आणि काही दिवसांनी परतते. ही पूरभूमी मुळात नदीच्या वहिवाटीतील. माणसाने मध्यंतरी तेथे घर बांधले आणि नदी पुन्हा आली, तर अतिक्रमण कोणाचे म्हणावे?

पुराशी वागण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, पाण्याला माणसापासून दूर ठेवण्याचा. धरणे आणि तटबंध ह्यासाठीच बांधतात, व त्यांची आवश्यकता कोणी नाकारीत नाही. परंतु तटबंधाच्या आड निर्धास्तपणा वाढतो, वस्ती दाटते; आणि पाणी एकदा त्यावरून गेले की हानी पूर्वीपेक्षा अधिक होते. दुसरा मार्ग माणसाला पाण्यापासून दूर ठेवण्याचा. भूमीच्या वापरावर नियंत्रण, पूर्वसूचना, स्थलांतराची तयारी, विमा, हे बांधकामेतर उपाय होत. अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट ह्यांनी १९४२ सालच्या आपल्या प्रबंधात ह्या मार्गाचा हिरिरीने पुरस्कार केला.

भारतात केंद्र सरकारने १९७५ साली पूरभूमीच्या विभागणीसाठी एका आदर्श विधेयकाचा मसुदा राज्यांकडे पाठविला. कायदा करणारी राज्ये थोडीच निघाली. मणिपूरने तो १९७८ मध्ये केला. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याने १९८९ साली परिपत्रक काढून दोन पूररेषा ठरविल्या. साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध. तेथे शेती, बागा, क्रीडांगणे असावीत, घरे नसावीत. दोन रेषांमधील क्षेत्र नियंत्रित. तेथे घराचे जोते पूरपातळीच्या वर असावे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ ह्या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. असा पूर येऊन गेला म्हणजे शतकाची निश्चिंती झाली, असे नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, कोणत्याही एका वर्षी तो येण्याचा संभव शेकडा १ आहे. तीस वर्षे उभ्या राहणाऱ्या घराच्या वाट्याला तो येण्याचा संभव शेकडा २६ होतो. आणि निळ्या रेषेपर्यंत पोचणारा पूर येण्याचा संभव शेकडा ७० च्या वर जातो. हा हिशेब घर घेणाऱ्याला मात्र क्वचितच कोणी सांगतो.

कृष्णा आणि पंचगंगा ह्यांनी तो प्रत्यक्ष करून दाखविला. २००५, २०१९ आणि २०२१, सोळा वर्षांत तीनदा सांगली आणि कोल्हापूर महापुरात सापडली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पाणी दारात आल्यावर नाव शोधणे म्हणजे तयारी नव्हे. कोणत्या फुटाला कोणती गल्ली बुडते, वृद्धांना आणि गुरांना प्रथम कोठे न्यावयाचे, हे वैशाखातच ठरलेले हवे. आकडा कळणे पुरेसे नाही. त्या आकड्यासरशी कोणी उठावयाचे, हेही कळले पाहिजे.

हे उपाय स्वस्त दिसतात, पण सोपे नाहीत. रेषा नकाशावर ओढणे अभियंत्याचे काम. ती जमिनीवर राखणे साऱ्या गावाचे. रेषेच्या आत ज्याची एवढीच जमीन आहे, त्याला केवळ मनाई सांगून भागत नाही. उंचावर पर्यायी जागा आणि तेथे उपजीविकाही द्यावी लागते. नाहीतर भाव उतरलेल्या त्याच जमिनीवर सर्वांत गरीब माणूस येऊन राहतो, आणि पुराचा पहिला घाला त्याच्यावरच पडतो. नदी आपली सीमा दर पावसाळ्यात सांगत असते. माणसाने स्वतःची आखून घेतली, तर तिचे सीमोल्लंघन संकट न ठरता ऋतूचा एक प्रसंग ठरेल.