चाचणीचे आकडे आणि संख्याशास्त्रज्ञाचे साहाय्य

शेतावरील चाचण्या आता केवळ संशोधन केंद्रांच्या कुंपणात राहिलेल्या नाहीत. नवा वाण, खताची मात्रा, पेरणीचे अंतर यांची पारख शेतकऱ्यांच्या जमिनीवर होते, आणि आकडे लिहून ठेवण्याचे व मांडण्याचे काम बहुधा गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे येते. त्यांचे गणित करण्यासाठी ‘आर’ ही संगणकीय आज्ञावली विनामूल्य मिळते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात तिचा आरंभ झाला व २००० साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. गणित सोपे झाले, तरी मध्येच अडचण आल्यास साहाय्य कसे मागावे हे मात्र पुष्कळांस उमजत नाही. कार्यकर्ता सरासरीचा एक कागद घेऊन जातो. तज्ज्ञ तो पाहतो. आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही असे उत्तर मिळते. हे उत्तर बरोबर असते.

याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सोयाबीनवर खताच्या चार मात्रा पाच शेतकऱ्यांच्या शेतांत करून पाहिल्या, असे समजू. प्रत्येक वाफा ५ मीटर × ४ मीटर, म्हणजे २० चौरस मीटर. एका मात्रेच्या पाच वाफ्यांपैकी चारांत ४.२, ३.९, ४.१ व ३.८ किलो दाणे मिळाले. पाचवा वाफा रानडुकरांनी उद्ध्वस्त केला. आज्ञावलीत अशी रिकामी जागा ‘एनए’ या खुणेने दाखवितात. सरासरी विचारली की उत्तरही ‘एनए’ येते. ही यंत्राची चूक नव्हे; गहाळ नोंद वगळण्यास आज्ञेत स्पष्ट सांगावे लागते, एवढेच. पण नवखा मनुष्य गोंधळतो आणि अडचण मिटविण्यासाठी तेथे शून्य भरतो. मग सरासरी ४.० किलोऐवजी ३.२ किलो येते. हेक्टरी हिशेब केला असता २० क्विंटलचे १६ क्विंटल झाले! चांगली मात्रा वाईट ठरली, आणि तीही रानडुकरांमुळे. पुढच्या हंगामात गावाने कोणते खत किती घ्यावे, हे अशा आकड्यावरून ठरले तर नुकसान कोणाचे होणार, हे सांगावयास नको. सरासरीच्या कागदावर या गोष्टीचा मागमूसही राहत नाही. म्हणून तज्ज्ञाकडे जाताना वाफानिहाय मूळ नोंदवही, वाफ्यांचा आराखडा, आणि कोणत्या वाफ्यात काय बिघडले याची टिपणे न्यावीत.

त्याबरोबरच कापणी कशी केली तेही सांगावे. एकाच शेतकऱ्याच्या शेतात पाच ठिकाणी चौकट टाकून मिळालेले पाच आकडे म्हणजे पाच शेतकऱ्यांचा अनुभव नव्हे. संगणकास हा भेद कळत नाही. तो दोन्हींना सारखेच मानून आत्मविश्वासाने उत्तर देतो.

नोंदवहीतून संगणकावर आकडे उतरविताना होणारे घोटाळे वेगळेच असतात. आपल्या वह्या देवनागरी अंकांत असतात. घाईत ४ हा इंग्रजी आठासारखा, १ हा इंग्रजी नऊसारखा व ५ हा इंग्रजी चारासारखा वाचला जातो. ‘आर’ आज्ञावलीस देवनागरी अंक संख्या म्हणून समजत नाहीत, म्हणून ते इंग्रजी अंकांतच भरावे लागतात. तेव्हा एकाने वाचावे व दुसऱ्याने ताडून पाहावे, हे उत्तम. एका रकान्यात एकच गोष्ट असावी. ‘४.२ किलो’ असे लिहिले की सबंध रकाना मजकूर समजला जातो आणि बेरीज अडते. परिमाण रकान्याच्या शीर्षकात लिहावे.

आज्ञावलीने त्रुटीचा संदेश दिल्यास तो संदेश अक्षरशः उतरवून न्यावा. ‘चालत नाही’ एवढ्याने कोणीच मदत करू शकत नाही. त्या संदेशापूर्वी दिलेल्या आज्ञा, आकड्यांचा आठदहा ओळींचा भाग, आणि काय अपेक्षित होते व प्रत्यक्ष काय आले, इतके हाती असले की जाणकारास दोष बहुधा लवकर सापडतो. हा छोटा भाग निवडताना पुष्कळदा कार्यकर्त्यासच चूक दिसून येते.

तथापि खरी भीती संदेश न देणाऱ्या चुकीची असते. खताच्या मात्रांना १, २, ३, ४ अशी नावे दिली आणि ते केवळ गटांचे क्रमांक आहेत हे आज्ञावलीस सांगितले नाही, तर ती त्यांना चढत्या संख्या मानते. गणित पूर्ण होते, तक्ताही छापला जातो. तक्त्यात मात्रांच्या ओळीपुढे स्वातंत्र्य-अंश ३ असावयास हवेत. तेथे १ दिसला तर मांडणी चुकली असे समजावे. प्रश्नास उत्तर देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून हल्ली अनेकजण आज्ञा लिहवून घेतात. त्या चालतात, पण शेतात काय घडले हे त्या साधनास ठाऊक नसते. म्हणून ही ओळ तेथेही तपासावी.

साहाय्यासाठी प्रथम जवळचे कृषि विज्ञान केंद्र गाठावे. तेथे न भागल्यास राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांतील संख्याशास्त्राच्या अध्यापकांस भेटावे. स्वतः अभ्यास करू इच्छिणाऱ्यांस पानसे व सुखात्मे यांचा १९५४ सालचा इंग्रजी ग्रंथ अजूनही उपयोगी पडेल. त्यातील डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे.

भेटीची वेळही महत्त्वाची आहे. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत सांगितले होते की, प्रयोग संपल्यावर तज्ज्ञाला बोलावणे म्हणजे शवपरीक्षेस बोलावणे होय. वाफे किती असावेत, कोणती मात्रा कोणत्या वाफ्यास द्यावी याच्या चिठ्ठ्या कशा टाकाव्यात, हे पेरणीपूर्वीच ठरते. नंतर ते दुरुस्त होत नाही. खरिपाच्या चाचणीचा कच्चा आराखडा घेऊन मे महिन्यातच जावे, आणि परतताना तज्ज्ञाने सुचविलेल्या आज्ञा लिहून आणून त्या नोंदवहीसोबत ठेवाव्यात, म्हणजे कापणीनंतर त्याच वापरता येतील.