खेळातल्या नाण्यांचा राखणदार

महाडहून रायगडाकडे निघालं की पाचाडच्या आधी नाते लागतं. चिंतामणराव देशमुखांचा जन्म या गावचा, १४ जानेवारी १८९६ चा. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेला भारताच्या शिष्टमंडळातून गेले, आणि १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते. बाजारात पैसा किती सोडायचा, किती काढून घ्यायचा आणि या सगळ्यात लोकांचा नोटेवरचा विश्वास ढळू द्यायचा नाही, ही त्यांची जबाबदारी.

आज याच रस्त्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या पोराच्या मोबाइलमध्ये एक छोटी टांकसाळ चालू असते. गेम उघडला की रोजची बक्षिसाची नाणी मिळतात, डाव जिंकला की आणखी मिळतात, हरला की जातात. शिवाय हिरे किंवा रत्नं असतात, ती सहसा खरे पैसे मोजून घ्यावी लागतात. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. शिवराई रोजच्या बाजारहाटाला, होन मोठ्या व्यवहाराला. मोबाइल गेममधली दोन चलनं अगदी याच जोडीसारखी चालतात, आणि शिवराया भरमसाट झाल्या तर बाजाराचं जे होईल तेच गेमचं होतं. ते होऊ नये म्हणून जो माणूस रोज सकाळी आकडे घेऊन बसतो त्याला गेम कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात.

हे काम बाहेरच्यांना पटकन कळत नाही. डिझायनर खेळाचे नियम रचतो. प्रोड्यूसर कामाचं वेळापत्रक सांभाळतो. प्रोग्रॅमर आणि चित्रकार प्रत्यक्ष गेम उभा करतात. प्रॉडक्ट मॅनेजर यातलं काहीच स्वतःच्या हाताने करत नाही, पण पुढे काय बनवायचं आणि का, याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. काल आलेला खेळाडू आज परत का आला नाही, हा त्याचा रोजचा प्रश्न. गेम डाउनलोड करणाऱ्या शंभरांतले चाळीस दुसऱ्या दिवशी परत आले तर कंपनीत समाधान असतं. सातव्या आणि तिसाव्या दिवशीही अशीच मोजणी होते, आणि महिन्याअखेर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेले असतात. या गळतीची वाट शोधणं म्हणजे अर्धी नोकरी.

हा पेशा पूर्वी नव्हता. गेम डबीत घालून विकला जायचा तेव्हा विक्री झाली की काम संपायचं. जून २००९ मध्ये झिंगा या अमेरिकन कंपनीचा ‘फार्मव्हिल’ फेसबुकवर आला. गेम फुकट, आतल्या वस्तू विकत. कोट्यवधी लोक शेती करू लागले, त्यांची प्रत्येक टिचकी नोंदली जाऊ लागली, आणि त्या नोंदी वाचून उद्याचा बदल ठरवणारी माणसं कंपनीत वजनदार झाली. २०१० मध्ये झिंगाने बंगळूरूत कार्यालय थाटलं. तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी २०१३ मध्ये मूनफ्रॉग लॅब्ज काढली आणि ‘तीन पत्ती गोल्ड’ आणला. भारतातल्या गेम प्रॉडक्ट मॅनेजरांची पहिली तालीम बरीचशी याच आखाड्यात झाली.

आता काम जवळून बघू. समजा, लुडोसारखा एक गेम आहे. दोघांनी प्रत्येकी ५०० नाणी लावून डाव मांडला. जिंकणाऱ्याला ९०० मिळतात, उरलेली १०० नाहीशी होतात. दिवसाला एक लाख डाव झाले तर एक कोटी नाणी संपली. दुसरीकडे रोज गेम उघडणाऱ्याला २०० नाणी फुकट आहेत. ८०,००० जणांनी ती घेतली तर १ कोटी ६० लाख नवी नाणी आली. म्हणजे रोज ६० लाखांची भर, महिन्याला १८ कोटींची.

पहिले काही दिवस कोणालाच काही जाणवत नाही. मग जुन्या खेळाडूंना ५०० चा डाव फालतू वाटायला लागतो. ते ५,००० च्या, मग ५०,००० च्या टेबलावर जातात. नवखा हजार नाणी घेऊन येतो, तर त्याच्या टेबलावर कोणी नसतंच. जोडीदार मिळायला आधी चार सेकंद लागायचे, आता चाळीस लागतात. तो तक्रार करत नाही, फोन खिशात टाकतो आणि उद्या येत नाही. कंपनीला एवढंच दिसतं की सातव्या दिवसाचा आकडा उतरला. त्या उतरलेल्या आकड्यापासून रिकाम्या टेबलापर्यंत आणि तिथून फुकटच्या २०० नाण्यांपर्यंत माग काढत जाणं, हे या पेशातलं खरं कसब आहे.

उपाय सापडला तरी तो लागू करणं सोपं नसतं. बक्षीस कमी केलं तर सगळे चिडतात. डावामागे १०० ऐवजी १५० कापली तर जुन्या खेळाडूंना फसवल्यासारखं वाटतं. तिसरा मार्ग असा की नाणी आपखुशीने खर्च करावीशी वाटेल अशी वस्तू आणायची: नवे फासे, गणपतीच्या दिवसांत मखराच्या नक्षीचा पट, नावाभोवती चौकट. माझ्या मते हाच मार्ग बरा, कारण यात कोणाच्या खिशातून काही हिसकावलेलं नसतं. पण तोही आधी दहापैकी एका खेळाडूला दाखवून पाहायचा, दोन आठवडे उरलेल्यांशी ताडून पाहायचा, आणि नाणी कमी झाली का यापेक्षा माणसं परत आली का हे आधी बघायचं.

हे किती गंभीर काम आहे, याचे जगात दाखले आहेत. ‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलँडच्या गेमने २००७ मध्ये अर्थशास्त्राचा डॉक्टर नोकरीला ठेवला. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २०१२ मध्ये यानिस वारुफाकिस यांना आतल्या बाजारपेठांचा अभ्यास करायला बोलावलं. हेच गृहस्थ जानेवारी २०१५ मध्ये ग्रीसचे अर्थमंत्री झाले. ‘डायब्लो ३’ मध्ये खेळाडूंना आपापल्या वस्तू लिलावात विकता याव्यात म्हणून बाजार उघडला होता. राक्षस मारून तलवार मिळवण्यापेक्षा ती विकत घेणं सोपं झालं, आणि खेळण्याचं कारणच संपत चाललं. मार्च २०१४ मध्ये कंपनीने तो बाजार बंद केला. पैसे मिळवून देणारी गोष्ट स्वतःहून बंद करायला फार मोठा धीर लागतो.

आपल्याकडचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण नवी मुंबईतलं आहे. विकास जयस्वाल यांच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला. चित्रं साधी, खेळ सगळ्यांच्या माहितीचा. पण दोन निर्णय अचूक होते. इंटरनेट नसलं तरी तो चालतो, आणि एकच फोन चौघांत फिरवून खेळता येतो. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर, जिथे रेंज शोधायला अंगणाच्या टोकाला जावं लागतं, तिथेही तो पोचला तो यामुळेच. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे खेळाडू एकदम वाढले, आणि दिवसाला पाच कोटींहून जास्त लोक खेळत असल्याचं सांगितलं गेलं. त्याच वर्षी खेळता खेळता बोलण्याची सोय आली. मुंबईतला भाऊ आणि गावातली बहीण एकाच पटावर भेटू लागली. खेळाडूला या घडीला काय हवंय हे ओळखणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

पुण्यात दोन्ही तऱ्हेचं काम चालतं. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवून गेला. तो एकदाच विकत घ्यायचा, गोष्टीसारखा पुरा होणारा गेम, त्यामुळे तिथे नाण्यांचा राखणदार लागत नाही. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तो मात्र रोज चालवावा लागणारा. नोकऱ्या जास्त या दुसऱ्या प्रकारात आहेत.

तिसरा एक प्रकार होता, पैसे लावून खेळायच्या ॲपचा, आणि तिथे प्रॉडक्ट मॅनेजरांची मोठी भरती व्हायची. २२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशांच्या खेळांवर बंदी आली. ‘ड्रीम ११’ सकट मोठ्या कंपन्यांनी पैसे भरून खेळायच्या स्पर्धा थांबवल्या. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, त्याचं वाईट वाटतं. पण या वाटेला येणाऱ्याने त्यातून एक गोष्ट घ्यावी. खेळाडूच्या हरण्यावर चालणारा आणि खेळाडूच्या रमण्यावर चालणारा धंदा बाहेरून सारखे दिसले तरी आतून वेगळे असतात, आणि आपण कुठल्या दारातून आत जातोय हे पहिल्या दिवशीच बघायला हवं.

मोह फुकटच्या गेममध्येही आहेतच. आत काय निघेल ते न सांगता विकलेली पेटी हा त्यातला ठळक मोह. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्या जुगारात धरल्या. ‘फक्त दहा मिनिटं उरली’ म्हणणारं खोटं घड्याळ हा दुसरा. फोन पुष्कळदा वडिलांचा असतो, यूपीआयचा पिन पोराला पाठ असतो. खरेदीच्या बटणाआधी ‘नक्की घ्यायचं का?’ असा एक पडदा ठेवला तर थोडी विक्री घटते. तो पडदा ठेवायचा की काढायचा, हे प्रॉडक्ट मॅनेजर ठरवतो. तो पडदा ठेवणाराच मला या पेशाला लायक वाटतो.

या नोकरीला एकच एक पदवी लागत नाही. काही जण इंजिनिअर असतात, काही एमबीए, तर काही गेम तपासण्याच्या किंवा खेळाडूंच्या तक्रारी हाताळण्याच्या कामापासून वर आलेले. एक्सेल सरावाचं हवं, डेटाबेसला प्रश्न विचारण्यापुरती एसक्यूएल यावी, संख्याशास्त्राचा पाया पक्का हवा आणि एका पानात मुद्देसूद इंग्रजी लिहिता यावं. महाड-पोलादपूरच्या मुलामुलींना यातलं काहीही घरी बसून शिकता येतं. गोडो हे गेम बनवायचं साधन फुकट आहे. गूगल प्लेवर गेम ठेवायला एकदाच २५ डॉलर लागतात. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथे कोड लिहिणारे आहेत. महाडला कॉमर्स शिकणारे आहेत, त्यांना मागणी-पुरवठा कळतो. या दोघांनी मिळून एक साधा गेम बनवावा, पन्नास ओळखीच्यांना द्यावा, महिनाभर कोण परत आलं आणि कोण कुठे थांबलं ते तक्त्यात मांडावं, एक बदल करावा आणि पुन्हा मोजावं. मुलाखतीला जाताना तो तक्ता बरोबर न्यावा. नुसत्या प्रमाणपत्रापेक्षा त्याला जास्त वजन असतं.

इथल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनाही एक विनंती आहे. चलनवाढीचा धडा शिकवायची वेळ आली की वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या फोनमधला गेम उघडायला सांगा, त्यात नाणी कुठून येतात आणि कुठे जातात हे फळ्यावर लिहायला लावा, आणि बाकीच्या वर्गाला त्यात काय बदलाल ते विचारा.