पेटीत दोन हजार, संगणकात अठराशे

मैत्रिणींनो, गटाची वही आता एक्सेलमध्ये आली. दहा जणींनी २००-२०० भरले, पेटीत २००० आहेत, पण खालची बेरीज १८०० दाखवते. लगेच सचिवताईंकडे बघू नका! वहीच्या सवयीने कुणाच्या तरी नावापुढे ‘२००/-’ लिहिलेलं असतं. त्या तिरक्या रेघेमुळे संगणक त्याला आकडा मानतच नाही, बेरजेत गुपचूप सोडून देतो. ओळखायचं कसं? खरा आकडा आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला जातो, हा डावीकडे चिकटून राहतो. तिथे नुसतं २०० टाकलं, तेही इंग्रजी आकड्यांत, की बेरीज आपली आपण सुधारते. ‘रुपये’ एकदाच वर मथळ्यात लिहायचं. आम्ही तर बैठकीत सह्या होण्याआधी डावीकडचे आकडे पडद्यावर बोट फिरवून शोधतो.