हलत्या देखाव्याला नवं काम

मुंबईतल्या हिंदमात्याचं नाव बातम्यांत येतं ते पावसात तुंबलेल्या पाण्यामुळे. पण या चौकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आहे, परळचं महर्षी दयानंद महाविद्यालय आहे, दादरचे क्लासेस आहेत आणि जरा पुढे माटुंग्याला व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. परीक्षेच्या धास्तीत दिवस काढणारी इतकी मुलं आणि त्या मानाने इतकी कमी झाडं असा हा भाग. इथल्या अभ्यासिकांत निसर्गासारखी संथ हलणारी यंत्रशिल्पं बसवावीत, ही सूचना पहिल्यांदा ऐकताना परदेशी चोचला वाटेल. मला मात्र वाटतं की ती रुजायला लालबाग-परळइतकी योग्य जागा नाही. अट एकच: यंत्राने निसर्गाचं रूप घेऊ नये, त्याची चाल घ्यावी.

यामागचा विचार जुना आहे. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1989 च्या पुस्तकात मांडलं की अभ्यासाला लागणारं, ताणून धरलेलं लक्ष थकतं. आणि हलणारी पानं, ढग, वाहतं पाणी यांच्याकडे मन आपसूक, जोर न लावता वळतं, तेव्हा त्या थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. 2008 मध्ये मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एकदा वृक्षोद्यानात आणि एकदा शहरी रस्त्यावर चालायला लावलं. उलट्या क्रमाने आकडे सांगायची चाचणी उद्यानातून आल्यावर अधिक चांगली जमली, रस्त्यावरून आल्यावर तसा फरक पडला नाही. त्याआधी, 1984 मध्ये, रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

ही झाली खऱ्या झाडांची गोष्ट. यंत्राचं काय? इथे सगळ्यात अडचणीचा पुरावा पीटर कान यांचा आहे. त्यांनी 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात 90 जणांना तीन खोल्यांत विभागलं: एकीत हिरवाईकडे उघडणारी काचेची खिडकी, दुसरीत तेच दृश्य थेट दाखवणारा मोठा पडदा, तिसरीत कोरी भिंत. ताणानंतर हृदयाचे ठोके खिडकीपाशी लवकर उतरले. पडदा मात्र कोऱ्या भिंतीपेक्षा सरस ठरला नाही. बर्मन यांच्याच दुसऱ्या प्रयोगात निसर्गाच्या नुसत्या छायाचित्रांनीही लक्ष थोडं सुधारलं होतं, तेव्हा नक्कल सर्वस्वी निरुपयोगी म्हणता येत नाही. पण भिंतीवर धबधब्याचा टीव्ही लावून हात झटकणाऱ्यांनी कानचा प्रयोग जरूर वाचावा. खोलीत खरोखर जागा व्यापणारी, आपण सरकलो की वेगळी दिसणारी, सावली पाडणारी वस्तू पडद्याहून निराळी असते. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात ‘शायलाइट’ नावाचे रेशमी दिवे छताखाली फुलांसारखे उघडत-मिटत खाली-वर होतात. फिलिप बीझ्ली यांनी 2010 च्या व्हेनिस बिनालेत उभारलेलं पारदर्शक पानांचं रान माणूस जवळ येताच हलायचं. या दोन्ही कलाकृती आहेत, उपचार नव्हेत. पण त्यांतलं तंत्र उसनं घेता येतं.

तंत्राचा अर्धा भाग तर इथेच आहे. लालबाग-परळच्या मंडळांनी कित्येक वर्षं गणपतीत चलचित्र देखावे उभे केले. मोटर, दांडे, चाकं यांच्या जोरावर राक्षसाला मान डोलवायला लावणारे हात या गल्ल्यांत आहेत, आणि व्हीजेटीआयमध्ये मुलांचं रोबोटिक्सचं मंडळ आहे. मात्र देखाव्याचा स्वभाव पुरता उलटावा लागेल. देखावा गर्दीला खिळवतो. अभ्यासिकेतलं शिल्प दुर्लक्ष करता येण्याजोगं हवं. मोटरची घरघर चालणार नाही, म्हणून तापली की आखडणारी मिश्रधातूची तार बरी. बीझ्लींनीही तीच वापरली. शिल्प उघडून मिटायला साधारण दहा सेकंद लागावेत, कारण मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतल्याने शरीर शांत होतं आणि बघणाऱ्याचा श्वास त्याच्या मागे जाऊ शकतो. तरीही चाल घड्याळासारखी नेमकी नको, वाऱ्यागत थोडी बेभरवशाची हवी. डोळे, चेहरा, आवाज तर नकोतच. कॅमेराही नको, ताणात बसलेल्या मुलाला आपल्यावर पाळत आहे असं वाटलं की सगळं फुकट.

या पैशांत झाडं का लावू नयेत? लावावीतच, जिथे माती आणि ऊन आहे तिथे यंत्राचा विचारही करू नये, आणि ज्याला फाइव्ह गार्डनला जाता येतं त्याने तिथेच जावं. प्रश्न चाळीच्या किंवा शाळेच्या बंद खोलीतल्या रात्रीच्या अभ्यासिकेचा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: मुलांचा ताण गुणांच्या स्पर्धेतून, फीच्या कर्जातून येतो, त्यावर हलणारं शिल्प काय करणार? त्या कारणांवर काहीच नाही. ते थकलेलं लक्ष दहा मिनिटं मोकळं करील, इतकाच त्याचा दावा असावा. खचलेल्या मुलाला समुपदेशकच हवा, आणि सरकारची टेली-मानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा अभ्यासिकेच्या दारावर आधी लिहिलेली असावी. नावीन्य ओसरेल हा तिसरा आक्षेप मात्र वाद घालून सुटणारा नाही, मोजूनच सुटेल. म्हणून एखाद्या मंडळाने यंदाच्या देखाव्याच्या खर्चातला थोडा भाग काढून, व्हीजेटीआयच्या मुलांना हाताशी धरून, एकाच अभ्यासिकेत एकच शिल्प लावावं, शेजारच्या खोलीत साध्या कुंड्या ठेवाव्यात आणि सहा महिने दोन्हीकडे तीच आकड्यांची चाचणी घ्यावी. कुंड्या जिंकल्या तर शिल्प काढून कुंड्याच वाढवाव्यात.