घर सोडायची वेळ आली, तर कोण कुणाला घेईल?

कष्टाने उभे केलेले घर एकाएकी सोडायचे म्हटले, तर कुणाचाही पाय निघत नाही. पण आपल्या भागावर तशी पाळी अनेकदा आली आहे. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेच्या महापुराने बीड शहरातील नदीकाठच्या वस्त्यांत हाहाकार उडवला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा आणि गोदावरी पात्र सोडून वाहिल्या. आष्टी तालुक्यात कड्याच्या परिसरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले.

जायकवाडीचे पाणी सोडताना गोदाकाठच्या गावांना आधी इशारा मिळतो. तिथे हाताशी थोडा वेळ असतो. जोराचा पाऊस झाला तर गावचा ओढा मात्र बघता बघता चढतो. भूकंप तर सांगून येतच नाही. तेव्हा विचार करायला सवड नसते, म्हणून तो आधीच करून ठेवावा. एखाद्या रात्री जेवणे झाली की मुलाबाळांसह सगळ्यांनी एकत्र बसावे आणि पुढील गोष्टी ठरवाव्यात.

कोण कुणाला घेणार? तान्हे बाळ कुणी उचलायचे, आजीला कुणी धरायचे, हे नावानिशी ठरवा. आई-वडील ऊसतोडीला गेले की कित्येक घरांत म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरेच मागे राहतात. अशा घराने शेजारच्या एखाद्या धडधाकट माणसाला आधीच सांगून ठेवावे आणि त्याचा होकार घ्यावा.

कुठे जमायचे? दोन जागा ठरवा. एक घराजवळची मोकळी जागा, भिंती आणि विजेच्या तारांपासून दूर. दुसरी उंचावरची, मग ती शाळा असो की बुद्धविहार. ताटातूट झाली तर परगावच्या एकाच नातेवाइकाला सर्वांनी निरोप द्यायचा. त्याचा फोन नंबर मुलांकडून पाठ करून घ्या, कारण मोबाइल भिजतो, हरवतो.

पिशवीत काय? आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा, शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. रोजची औषधे, बॅटरी, थोडे पैसे आणि पिण्याचे पाणीही हवे. आजोबांचा शाळेचा जुना दाखला विसरू नका. आपल्या जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो कागद वाहून गेला, तर नातवंडांची शिष्यवृत्ती अडते. त्याची झेरॉक्स परगावच्या नातेवाइकाकडे ठेवा.

निघताना काय? वेळ असेल तर विजेचा मेन स्विच आणि गॅस बंद करा, जनावरांची दावी सोडा. पुलावरून पाणी वाहत असेल तर पाऊल टाकू नका. गुडघ्याएवढ्या पाण्याची ओढसुद्धा माणसाला पाडते. भूकंपात दगड-मातीच्या घरात दाराजवळ असाल तर लगेच मोकळ्यावर या. ते शक्य नसेल तर भक्कम बाजेखाली शिरून डोके सांभाळा. एकदा बाहेर पडल्यावर भांडी, दागिने, कपडे आणायला पुन्हा आत जाऊ नका.

कारखान्यावरच्या कोपीसाठीही हाच विचार करा. पाचट आणि प्लॅस्टिक क्षणात पेट घेते. चूल कोपीबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला मांडा, जवळ पाण्याचा हंडा भरून ठेवा. कोपीत झोपलेल्या लेकरांना पेटत्या चुलीजवळ एकटे सोडू नका.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा.

हे ठरले की एकदा रात्री दिवा मालवून तालीम करा. पोरे हसतील, हसू द्या. अंधारात पिशवी सापडते का, कडी चटकन निघते का, आजीला उंबरठा ओलांडायला किती वेळ लागतो, ते तेव्हाच कळेल. जिथे अडले ते दुसऱ्याच दिवशी सुधारा. दर वर्षी मृगाच्या आधी पुन्हा एकदा तालीम घ्या. गेलेले घर पुन्हा उभे करता येते. त्यासाठी घरची माणसे आधी सुखरूप बाहेर पडली पाहिजेत.